फ्लॅशवरचं फडकं

गजूदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. हेडमास्तरांनी दारातून खूण केली आणि मी खडू हातात घेऊनच बाहेर आले. अमरावतीहून फोन होता. दादानं स्टुडिओत गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं, कॅमेरा लावला, आणि ‘जरा थांबा, छातीत दुखून राहिलं’ म्हणून बाजूच्या बाकावर टेकला तो उठलाच नाही. गिऱ्हाईक बिचारं मान ताठ ठेवून कितीतरी वेळ तसंच बसून होतं म्हणे. हे ऐकलं आणि रडू यायच्या आधी मला त्याचा रागच आला. जन्मभर माणसांना यानं असंच ताटकळत ठेवलं, आणि जातानाही... आता महिना उलटून गेला. लोक अकोल्याला माझ्याकडे भेटायला येतात, ‘फार मोठा कलावंत गेला’ म्हणतात. मी हो म्हणते. पण ज्यांनी आपल्या घरच्या लग्नाचे फोटो त्याच्याकडून काढून घेतले होते, ते असं म्हणताना किंचित हसतात, हेही मी पाहून ठेवलं आहे.

आम्ही मूळचे हिवरखेडचे. आमच्या वडिलांची, आबांची, जमीन होती, मोठा मुलगा ती पाहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि यानं अमरावतीत जाऊन फोटोचा स्टुडिओ काढला. उन्हात फोटो काढत होता तोवर सगळं ठीक होतं. मग फ्लॅशगन आली. एका चकचकीत वाटीत काचेचा बल्ब बसवायचा, फोटो काढताना तो भक्कन पेटायचा आणि एकदा पेटला की फेकून द्यायचा. त्या उजेडात नवरीचं तोंड पिठात बुचकळल्यासारखं पांढरं यायचं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडायची. लोक खूश होते. पोरगी गोरी दिसते, आणखी काय पाहिजे? पण दादाला ते बघवेना. ‘हा उजेड हाय का थापड?’ म्हणायचा. झालं, तेव्हापासून त्या उजेडाला मऊ करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. आधी पतंगाचा कागद लावला, तो बल्बच्या आचेनं करपला. मग पिठाची चाळणी झाली. शेवटी वहिनीचं दूध गाळायचं मलमलचं फडकं पळवलं, त्याची दुहेरी घडी फ्लॅशच्या वाटीवर ताणली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं कापून ते वर चढवलं. उजेड खरोखरच मऊ पडला. इकडे वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत होती, ‘आता दूध काय तुमच्या टोपीतून गाळू काय?’ फडकं काही परत मिळालं नाही. पुढे तिनं त्याच्या हाती लागेल असं पांढरं कापडच घरात ठेवणं सोडलं.

फडक्यानं उजेड कमी होतो, म्हणून दादाला माणसांच्या अगदी तोंडाशी जावं लागे. लग्नात तो भटजी आणि नवरी यांच्यामध्येच उभा राही आणि वऱ्हाडी मंडळींना त्याची पाठ तेवढी दिसे. आमच्या मावसबहिणीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला होता, आणि ह्या शहाण्याच्या मनात आलं की एवढं मोठं पांढरं कापड आयतंच समोर आहे, तर आपलं फडकं कशाला? त्यानं नवरीच्या बाजूला उभ्या असलेल्या एका मामाच्या हाती कॅमेरा तिच्यावर रोखून दिला. मग फ्लॅशगन घेऊन स्वतः गुपचूप नवरदेवाच्या बाजूला गेला, आणि तिथून अंतरपाटाच्या आरपार फ्लॅश उडवला. आता आमच्याकडच्या बँडवाल्यांना दोन-तीन लग्नांपासून सवय लागलेली, की फ्लॅश उडाला म्हणजे अंतरपाट खाली आला. त्यांनी जोरात सुरुवात केली. लोकांनी अक्षता फेकल्या, बायका रडायला लागल्या, आणि भटजींचं शेवटचं मंगलाष्टक अजून बाकीच होतं! नवरदेवाचे काका तावातावानं विचारू लागले, ‘लगन लागलं का नाही लागलं, ते सांगा आधी.’ दादा शांतपणे म्हणाला, ‘लागन लागन, पर उजेड पाहा किती गोड पडला.’ तो फोटो आला तेव्हा अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाची सावली नवरीच्या बरोबर गालावर पडलेली होती. पुन्हा सगळं विधिवत करावं लागलं, आणि मावशीनं पुढे कितीतरी दिवस आमच्याशी अबोला धरला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याचं फडकं माझ्या लग्नाच्या आड आलं. लहानपणी मला देवी आल्या होत्या. घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा पाला, आणि दुसऱ्या मुलांना माझ्या खोलीत यायला बंदी. दादाला आधी येऊन गेल्या होत्या, म्हणून तोच एकटा माझ्याजवळ बसायचा, लिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा, खाजवू नये म्हणून माझे हात धरून ठेवायचा. त्या दुखण्यातून माझ्या गालांवर वण राहिले आणि दादाही माझ्यामागे कायमचा राहिला. पुढे माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा फोटो अर्थातच त्यानं काढला. त्या मऊ उजेडात माझा एकही वण दिसत नव्हता. आबा हरखले, आणि फोटो परतवाड्याच्या एका घरी गेला. पसंत पडला, मंडळी बघायला आली. मुलाच्या आत्यानं फोटो हातात धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. मग आबांना विचारलं, ‘हे पोरगी अन् ह्या फोटोतली पोरगी येकच व्हय काय?’

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आणि दादा? दादा उठून आत गेला आणि फ्लॅशगन घेऊन आला! ‘आत्याबाई, आमी फशवलं नाही. फोटोवर पेन्सिल फिरवून कायी बदललं नाही. हा नुसता उजेड हाय, पाहा,’ म्हणून त्यानं त्या बाईंच्या तोंडासमोर बल्ब उडवला. त्या डोळे चोळत उठल्या त्या थेट बसस्टँडवर. पोहे तसेच राहिले.

त्या दिवशी मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, ‘दादा, ते फडकं काढ आणि माझा फोटो काढ. जशी आहे तशी.’

‘काहून चिडून राहिली व कुसमे? तशीच तं काढली मी.’

‘वण कुठे आहेत त्यात?’

त्यानं मला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि गिऱ्हाइकाचं पाहतो तसं लक्ष देऊन पाहिलं. ‘वण? कुठं आहेत व?’ मी त्याचं बोट धरून गालावर टेकवलं. तर म्हणाला, ‘हे? हे तं तुह्यं तोंड हाय.’

काय करायचं सांगा अशा माणसाचं! दोष लपवणाऱ्याशी भांडता येतं. ज्याला दोष दिसतच नाही त्याच्याशी कसं भांडणार? फडक्याशिवाय फोटो काढतो म्हणून त्यानं मला किती वेळा स्टुलावर बसवलं, आणि दर वेळी बल्ब फुसका निघाला. दुसऱ्या कुणाच्या वेळी कसे फुसके निघत नव्हते? शेवटी मी अकोल्याला एका दुसऱ्याच स्टुडिओत जाऊन फोटो काढवला, वणांसकट. तो पाहून आमच्या ह्यांनी होकार दिला. ‘असा फोटो पाठवणारं घर खोटं नसणार,’ एवढंच म्हणाले. दादाला मात्र आपल्या बहिणीचा फोटो परक्यानं काढला हे सहन झालं नाही. साखरपुड्याला फुगून बसला. लग्नात मात्र आला, फडक्यासकट आला, आणि सगळे फोटो त्यानंच काढले. त्यामुळे सासरी अजून थट्टा चालते, की ह्यांचं लग्न लागलं ते कुणा दुसऱ्याच बाईशी.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेचा ग्रुप फोटो झाला. फोटोग्राफर नवा होता, सभागृहात अंधार होता, त्यानं उघडा फ्लॅश उडवला आणि दोन मिनिटांत सगळं आटोपलं. कुणी ताटकळलं नाही, कुणी ओरडलं नाही. फोटो आल्यावर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, ‘तुमचा नीट नाही आला हो, गालावर पाहा कसं दिसतं.’ मी म्हटलं, ‘नीट आलाय. मी अशीच आहे.’ त्या ओशाळल्या. त्यांचा काय दोष? त्यांना हे वण रोज दिसतात. वेणी घालताना मलाही दिसतात. ह्यांनाही दिसतात, भले गृहस्थ आहेत, कधी काही म्हणत नाहीत. माझे वण सगळ्यांना दिसतात. एकाला दिसत नव्हते, आणि त्याच्याशी मी त्याच गोष्टीवरून भांडत आले. फोटो अगदी मी त्याच्याकडे मागत होते तसाच आला आहे... स्वच्छ, खरा, एकेक वण मोजता येईल असा. घरी आणला, आणि कपाटात पालथा घालून ठेवला आहे.