नदीची ओटी भरलेलं घर

चिंचवडला आमचं घर पवनेच्या अगदी काठाला. माहेरचे म्हणायचे, नशीबवान आहेस, पाणी भरायला लांब जावं लागत नाही. लांब कसलं, पाणीच आम्हाला भेटायला यायचं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. भर दुपारी नदी मागच्या दाराने आत आली आणि मी तान्ह्या मुलीला घेऊन माळ्यावर चढले. खाली पाट, डबे, चुलीतली लाकडं तरंगत होती. सासूबाई शिडीवर उभ्या राहून नदीची ओटी भरत होत्या. खण, नारळ, तांदूळ त्यांनी पाण्यात सोडले, आणि पाणी जिथं टेकलं होतं तिथं मधल्या खांबाला हळदकुंकू लावलं. नदी घरी आली म्हणजे माहेरवाशीण आली, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्यांचा नेम. मला मात्र त्या माळ्यावर श्वास घेता येईना. ना खाली जाता येत होतं ना वर. पाणी उतरलं, पण तेव्हापासून आभाळ काळं झालं की मी मुलीला कडेवर घेऊन शिडीपाशी जाऊन बसायचे.

म्हणून मामंजींनी घर विकायचं काढलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. रेल्वे फाटकापलीकडे उंचावर आमचं पडीक रान होतं. हे विकून तिथं दोन खोल्या बांधायच्या ठरल्या. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, बाहेरगावची माणसं घरं शोधत फिरत होती. मी मनातल्या मनात तिकडे चूलसुद्धा मांडली होती.

मामंजींनी भिंतींना चुना मारून घेतला. ओलीचे पट्टे झाकले गेले. "गिऱ्हाइकापुढं पाण्याचं नाव काढायचं न्हाई," त्यांनी आम्हा दोघींना बजावलं. पण खांबाला चुना लावू द्यायला सासूबाई तयार होईनात.

"मानसांपासनं लपवा की. तिच्यापासनं काय लपिवता? तिचं कुकू मी पुसू द्यायची न्हाई."

त्यांच्यापुढे मामंजींचं काही चालत नसे. खांब तसाच राहिला.

गिऱ्हाईक आलं ते माणदेशातलं. नवरा नुकताच कारखान्यात लागलेला, बायको पोटुशी. मामंजी नवऱ्याला छपराचे वासे दाखवायला बाहेर घेऊन गेले, सासूबाई चहा टाकायला उठल्या. ती बाई खांबापाशी थांबली आणि डोक्यावर पदर घेऊन तिने चक्क नमस्कार केला.

"कुठला द्येव म्हनायचा वो ताई ह्यो? आमी ऱ्हायला आलो तरी पूजा बंद पाडनार न्हाई. रोज दिवा लावीन."

तिच्या गावची नदी म्हणजे नुसती वाळू. नदी घरात शिरते हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मला खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गप बस, गप बस, मी स्वतःला सांगत होते. तिने एक हात पोटावर ठेवला होता. ते पोट घेऊन ती आमची शिडी कशी चढेल, एवढंच मला दिसायला लागलं.

"देव नाही तो," मी म्हणाले. "तिथवर नदी येते."

ती हसली. तिला चेष्टा वाटली. मग माझा चेहरा पाहून ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. हळदकुंकू तिच्या खांद्याला लागत होतं. चहा न घेताच दोघं निघून गेली.

मामंजी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओट्यावर नुसते बसून राहिले. "सुनंनं सांगितल्यावर आता मी कुठल्या तोंडानं लपवू?" एवढंच म्हणाले. त्यानंतर जो येईल त्याला ते आधी खांबच दाखवायचे. आलेला माणूस खांब बघायचा आणि चप्पल घालायचा.

घर विकलं गेलं नाही. माझी पुढची दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली, त्यातलं एक ऐन श्रावणात.

कोणी म्हणतं, खरं बोललीस, पुण्य लागलं. पुण्य घेऊन काय माळ्यावर बसायचं? मला त्या बाईचा राग येतो, अजून येतो. तिने मला विचारलं नसतं, तर मी सुटले असते.