मोटरीलाही उपवास घडला

शेजारून आणलेली चौथी बादली पाइपात ओतली, तरी मोटरीनं पाणी धरलं नाही.

सांगलीजवळचं जैन शेतकऱ्याचं घर. घरच्या आक्कांचा आठ दिवसांचा उपवास त्या सकाळी दहाला सुटणार होता. आक्का घरच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी घेत नाहीत. विहिरीवर जाळी वेल्ड केलेली, भोक पाइप वरखाली करण्यापुरतं. बादली सोडायची सोय नव्हती.

"मिस्त्री, नवीन मोटरच आणू काय?" त्यांचा मुलगा भाऊसाहेब म्हणाला.

मला रागच आला. "मोटरीनं पाणी सोडलं म्हणून लगेच मोटरीवर पाणी सोडताय व्हय?"

पंपाला हवा ओढता येत नाही. सुरू करण्याआधी तो आणि विहिरीतला पाइप पाण्यानं भरावा लागतो. यालाच प्रायमिंग म्हणतात. ते पाणी खाली पळू नये म्हणून पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो, म्हणजे वरच्याच बाजूला उघडणारी झडप.

मी जॉइंटवर संशय घेतला. टेप गुंडाळली आणि छातीठोकपणे म्हणालो, "आता धरतंय बघा." नाही धरलं. भाऊसाहेब पुढची बादली आणायला निघाले, त्याचीच जास्त लाज वाटली.

वर कुठं थेंबही गळत नव्हता, तरी ओतलेलं पाणी खाली जात होतं. म्हणजे झडप मिटत नव्हती. आम्ही दोघांनी पाइप वर ओढला. फूटव्हॉल्व्हला दुहेरी धोतर बांधलेलं! ते कुजून त्याचे धागे झडपेत अडकले होते.

"हे कुणी बांधलं?"

"मी," आक्का दारातून म्हणाल्या. "मागं पाइप बदलला तवा."

"आवं आक्का, गाळणं नळाला बांधायचं की!"

"नळाला बांधलं की पाण्यातलं बारीक जीव वर येत्यात. त्येनला परत हिरीत सोडायला माझं गुडघं चालत न्हाईत. खालीच गाळलं की ते त्येंच्याच घरात ऱ्हात्यात."

बाईंचं डोकं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं, फक्त झडप मध्ये आली होती.

मी धागे उपसले. गाडीतल्या जाड पाइपाच्या तुकड्याला भोकं पाडली, खाली टोपण लावलं आणि तो फूटव्हॉल्व्हवर चढवला. नवीन कापड त्याच्यावरून बांधलं. आता कापड झडपेपर्यंत पोचणार नव्हतं. जाळीच्या भोकातून सगळं जेमतेम खाली गेलं.

दोन बादल्या ओतल्या, बटण दाबलं. साडेनऊला टाकीत पाणी धो धो पडायला लागलं. मी शिट्टी मारली. वयाला शोभत नाही, पण मारली.

पाणी गाळून, उकळून, निववून आक्कांनी पहिला घोट घेतला. मग माझ्याकडं बघून हसल्या.

"माझ्यासंगं मोटरीलाबी उपास घडला की रं."

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की पाना काढायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना विचारतो, "खाली काय बांधलंय काय?"