पिनकोडाचा मालक

मी ऑनलाइन फ्रँचायझी घेतली, ती मला फोनवर एका बाईनं ‘सर’ म्हटलं म्हणून.

सोलापुरात कापडाच्या दुकानात गादीवर बसून मी चोवीस वर्षं तागे उलगडले. तेवढ्या काळात मला सगळ्यांनी ‘ओ, ते वरचं काढा’ एवढंच म्हटलं. दुकान बंद झालं आणि घरबसल्या धंदा शोधायला मी मोबाईल घेऊन बसलो. ऑनलाइन शिकवणी (गणितात मी काठावर पास!), ऑनलाइन ज्योतिष (माझंच भविष्य मला दिसेना!), ऑनलाइन औषधं (नावं वाचतानाच रोगी बरा व्हायचा!)... अशात ती बाई म्हणाली, “सर, तुम्ही तुमच्या पिनकोडचे मालक व्हाल.”

मालक! मी विचारलंसुद्धा नाही कशाचा. चाळीस पानांचा करार अंगठ्यानं वर सरकवत गेलो आणि शेवटी अनामत भरून ‘मान्य’ दाबलं.

मग बायकोला हाक मारली. “मंगल, फ्रँचायझी घेतली!”

“कशाची?”

मी स्क्रीनवर बघितलं. “कडक भाकरीची. पुण्याहून पाकिटात येणार.”

ती परातीत पीठ मळत होती. हात थांबले. गेली पंधरा वर्षं मंगल कडक भाकरी करून विकते. चार गल्ल्यांत तिचं नाव, हाताखाली दोन बाया. आमचं घर चालायचं ते त्या भाकरीवर, माझ्या ताग्यांवर नव्हे.

“सोलापुरात? पुण्याची भाकरी?” ती म्हणाली. “उद्या समुद्राला मीठ पाठवा की!”

खरा घाव पुढंच होता. दुसऱ्या दिवशी त्या ‘सर’ म्हणणाऱ्या मॅडमचा फोन आला. “सर, कलम सतरा. तुमच्या घरात त्याच मालाचा दुसरा धंदा चालणार नाही. दोन वर्षं. मोडलं तर अनामत जप्त.”

“पण मॅडम, माझी बायको...”

“सर, व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवता का?”

अनामत म्हणजे माझी सगळी पुंजी! मंगलचा तवा पडद्याआड लपवताना माझा हात भाजला. (तवा गरम होता. मंगल त्याहून!)

“पंधरा वर्षं मी चूल विझू दिली न्हाय,” ती हळू म्हणाली. “तुमी एका अंगठ्यानं विझवली.”

ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिनं तवा, परात आणि दोन्ही बाया घेतल्या आणि भिंतीपलीकडच्या लिंगप्पा मास्तरांच्या रिकाम्या खोलीत गेली.

“अगं, कुटं निघालीस?”

“करार तुमच्या घराचा हाय. मास्तरांच्या न्हाय!”

आठवड्यात तिकडं रांग लागली. इकडं मी पाकिटांच्या ढिगावर बसून माश्या वारत होतो. शेवटी एक ऑर्डर आली! शर्ट बदलून धावत पोचवायला गेलो, तर पत्ता लिंगप्पा मास्तरांचा. मंगलनं पाकीट फोडलं, ताटात ठेवलं आणि रांगेला सांगितलं, “आधी ही चावून बघा, मग माझी घ्या.”

तेव्हापासून दर सोमवारी एक पाकीट ठरलेलं. काल मॅडम फोनवर भारावल्या होत्या.

“सर, अभिनंदन! इतकं नियमित गिऱ्हाईक आमच्या एकाही मालकाकडे नाही. करतात काय ते?”

“मला दोन वेळा जेवायला वाढतात,” मी म्हणालो.