बोंडअळीला ठेचा

कप जरा खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. माझ्याइतका हुशार बातमीदार अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही!

तेव्हा मी दिग्रसहून एका पेपरला बातम्या पाठवायचो. बोंडअळीनं उच्छाद मांडला होता, कापूसवाले हवालदिल. अशात एक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ बाजार समितीत व्याख्यानाला आले. भरपूर बोलले. मी नेमका पंख्याखाली बसलेलो, त्यामुळे काय बोलले ते मला विचारू नका!

जेवताना मात्र टक्क जागा होतो. साहेबांनी भाकरीबरोबर आपला लाल मिरचीचा ठेचा तोंडात टाकला आणि घामाघूम झाले. डोळे पुसत, हसत म्हणाले, "बाप रे! हा फवारला तर अळी जिल्हा सोडून पळेल!"

सगळे हसले. मीही हसलो. तिथंच थांबायचं की नाही?

संध्याकाळी संपादकांचा फोन. "व्याख्यान कोण वाचतं हो? चटकदार काही आहे का?"

"ठेचा आहे," मी म्हणालो.

सकाळी पहिल्या पानावर: ‘ठेचा फवारा, बोंडअळी पळवा! जगप्रसिद्ध शास्त्रज्ञांचा खळबळजनक दावा’. खाली ठळक अक्षरात माझं नाव. मी चार अंक जास्तच घेतले.

दोन दिवसांनी फवारणीचे पंप दुरुस्त करणारे रहीमभाई दारात! डोळे लालबुंद.

"अरे भाई, तुने क्या छाप दिया? जो पंप उघडतो, त्याच्यात लसूण! शिंकून शिंकून मरून राह्यलो न!"

तिकडे शास्त्रज्ञही पेपरला फोन करून सांगत होते, अहो, मी गंमत केली! मी संपादकांना म्हटलं, खुलासा छापा. छापला की! ‘ठेच्यावरून शास्त्रज्ञांचं घूमजाव! दबाव कुणाचा?’ झालं. ज्यांनी फवारला नव्हता, त्यांनीही फवारला.

"बाबांनी बी फवारला म्हणते," बायको म्हणाली.

सासरे राळेगावकडचे. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शास्त्रज्ञावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता हो, माझ्यावर होता! त्यांचं पीक आणि माझी सासरची इज्जत, दोन्ही त्या पंपात.

पहिली एसटी धरली. गेल्या गेल्या पाय धुवायला पाणी, बसायला पाट. जावई ना मी! ताटात भाजी आली ती पांढरीफटक.

"मामाजी, तिखट...?"

"घरची सारी मिरची वावरात गेली जी, जावईबापू. वर्षाची."

"आणि अळी?"

"मजेत हाये. आधी नुसतं बोंड खाये, आता तोंडी लावून खाते."

पुढे मेहुण्यानं गुपचूप खरं औषध मारलं म्हणून पीक वाचलं, नाहीतर मला तिथंच वावरात गाडून घ्यावं लागलं असतं. मी हात जोडले. "चुकलं मामाजी. आमचा पेपर बंद करून टाका."

"बंद कायले करू जी?" सासरे अगदी आदरानं म्हणाले. "तारीख तर बराबर रायते न त्याच्यात!"