भोयर मॅडमचं राहिलेलं उत्तर

भोयर मॅडमशी भांडायचं तर आधी आपण गप्प बसायचं, हे मला नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. आमच्या नागपूरच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकच कूलर होता आणि त्याच्या समोरची खुर्ची त्यांची. मी मराठीचा नवा प्राध्यापक, प्रताप नगरहून स्कूटरवर भाजून निघत यायचो. एके दिवशी सरळ त्या खुर्चीत जाऊन बसलो. मॅडम आल्या, शेजारी उभ्या राहिल्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा सर. आधी तुमची बाजू मी सांगते. मान डोलली तर मग माझी सांगीन."

आणि खरंच त्यांनी माझी बाजू मांडली. मी उन्हातून येतो, माझे तास वरच्या मजल्यावर पत्र्याखाली असतात, खुर्चीवर कोणाचं नाव लिहिलेलं नाही, आणि वयाच्या क्रमानं हवा वाटायची तर निवृत्त झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांना वारा घालावा लागेल. हा शेवटचा मुद्दा तर मला सुचलाही नव्हता. माझी मान डोलली. मग त्या म्हणाल्या, "आता माझं एकच. मले उष्णता सहन होत नाही. मागच्या उन्हाळ्यात वर्गातच चक्कर येऊन पडली होती मी." मी उठलो. त्या निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची त्यांचीच राहिली आणि मी बाजूला बसून उरलीसुरली हवा घेत राहिलो.

ही सवय त्यांनी ज्याच्याकडून उचलली होती तो तेराव्या शतकातला एक ख्रिस्ती संन्यासी होता. नाव थॉमस. इटलीतल्या एका सरदार घराण्यातला, पुढे पॅरिसला देवाधर्माचं तत्त्वज्ञान शिकवणारा. मॅडम आमच्याकडे तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्या रुजू झाल्या तेव्हा मध्ययुगाचा पेपर कोणालाच नको होता, म्हणून नव्या बाईंच्या गळ्यात बांधला गेला. "मले शेपूट देल्लं होतं, मी बैलच धरला," असं त्या सांगायच्या. बैल म्हणण्यालाही कारण होतं. थॉमस अंगानं आडदांड आणि वर्गात कधी बोलायचा नाही, तेव्हा सोबतची मुलं त्याला मुका बैल म्हणायची. त्याचा गुरू मात्र म्हणाला की या बैलाचं हंबरणं एक दिवस जगभर ऐकू जाईल. हे सांगताना मॅडमचा चेहरा असा फुलायचा की जणू तो बैल त्यांच्याच गोठ्यातला.

गोठा त्यांच्या ओळखीचाच होता. पारशिवनीकडच्या एका गावातलं धानाची शेती करणारं घर, तीन भाऊ आणि ही एकटी मुलगी. बी.ए. झाल्यावर भावांनी पुरे म्हटलं. नागपूरला शिकायला जायचं नाही, आणि ते तत्त्वज्ञान की काय ते तर मुळीच नाही. एक अख्खा पावसाळा त्यांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. थॉमसनंही घरच्यांच्या मर्जीविरुद्ध भिक्षा मागून जगणाऱ्या संन्याशांचा पंथ धरला, तेव्हा त्याच्या भावांनी त्याला रस्त्यातून उचलून आणलं आणि घरच्या गढीत वर्षभराहून जास्त कोंडून ठेवलं. तो आत बसून वाचत राहिला. शेवटी घरचेच थकले. मॅडम हा भाग शिकवायच्या तेव्हा मुलींच्या बाकांकडे बघून शिकवायच्या.

स्टाफरूममध्ये कोणीतरी एकदा खोचकपणे विचारलं, "मॅडम, एवढं त्याचं कौतुक, धर्म बदलला की काय?" मॅडमनी डबा उघडत उत्तर दिलं, "महालक्ष्म्यांच्या जेवणाले दरसाली तुमीच येता नं माझ्या घरी? मंग मले काहून विचारता, तुमच्या पोटाले विचारा." बाई भक्त नव्हत्या. थॉमसचे अर्धे निष्कर्ष त्यांना पटायचे नाहीत आणि ते त्या वर्गात सांगायच्या. त्यांचं प्रेम होतं त्याच्या पद्धतीवर. प्रश्न कुठलाही असो, थॉमस आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप लिहायचा, त्या लोकांनी स्वतः मांडले असते त्याहून नीट. मग आपलं मत, आणि मग एकेका आक्षेपाला उत्तर. आक्षेप घेणारा परधर्मी असो की त्याच्याच पंथातला, वागणूक सारखीच. त्यापायी त्यानं स्वकीयांच्या शिव्याही खाल्ल्या. मी माझं प्राध्यापकपण मिरवत म्हटलं की ही तर आपल्या शास्त्रांतली पूर्वपक्षाची जुनी रीत आहे. मॅडम म्हणाल्या, "आहे नं. मंग तुमी काहून नाही वापरत?"



आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. मॅडमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना संस्थेनं तत्त्वज्ञान विभाग बंद करायचं ठरवलं. त्या खोलीत स्पर्धा परीक्षांचं केंद्र काढायचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात सभा भरली. संस्थेचे सचिव अध्यक्षस्थानी होते. मौद्याकडच्या शेतकरी घरातून आलेला, स्वतःच्या हिमतीवर मोठा झालेला माणूस. बोलणं गोड, लक्ष घड्याळाकडे. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमाले काही म्हणायचं आहे?"

मॅडम उठल्या आणि आपल्या रीतीप्रमाणे सुरू झाल्या. आधी संस्थेची बाजू. विद्यार्थी बोटावर मोजण्याइतके, त्यांच्यासाठी एक मोठी खोली अडते. या विषयावर नोकरी लागत नाही. पालक विचारतात, त्यांना काय सांगायचं? सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या परदेशी संन्याशाचं नागपुरात काय काम? आणि शिकवणारी बाई चार दिवसांनी निवृत्त होणार, मग तिच्या मागे कोण? एकेका मुद्द्यावर सचिवांची मान डोलत होती. सगळ्यांच्याच डोलत होत्या. मॅडमनी विचारलं, "तुमचं म्हणणं बरोबर मांडलं का मी?"

"एकदम बरोबर. आमच्यापेक्षा चांगलं."

"आता माझं उत्तर—"

सचिवांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, आता उत्तर कायले? तुमीच तर सगळं पटवून देल्लं. अब बचा क्या?" आणि लेखनिकाकडे वळून म्हणाले, "लिहा, विभागप्रमुखांच्या विवेचनानंतर ठराव एकमतानं मंजूर." तेवढ्यात चहा आणि आलूबोंडे आले.

माझं डोकं फिरलं. मी उठून काहीबाही बोलू लागलो, तर मॅडमनी माझ्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. "बसा सर. ओरडून देल्लेलं उत्तर हे लोकं आलूबोंड्यासोबत गिळते."

जिन्यात मात्र मी त्यांच्यावरच ओरडलो. म्हटलं, "मॅडम, एक दिवस तरी उलटं करायचं. आधी उत्तर द्यायचं, मग आक्षेप सांगायचे. तुमच्या या सवयीनं विभाग गेला."

त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "त्यांचं ऐकल्याबिगर उत्तर देल्लं असतं, तर ते उत्तर कोणाले देल्लं असतं मी? भिंतीले? त्यांनी माझं ऐकलं नाही ही त्यांची लाज आहे. ते झाकायले मी माझी रीत मोडू का?"

मला तेव्हा हे बोलणं मुळीच पटलं नाही. मनात आलं, ही बाई हरली आणि वर ताठा दाखवते. आज लिहिताना मात्र तो ताठा हवाहवासा वाटतो.

नवे प्रवेश बंद झाले. शेवटच्या वर्षाची चार-पाच मुलं उरली, त्यांना सांगण्यात आलं की घरी अभ्यास करा. मॅडमना परीक्षा विभागात कामाला बसवलं. तत्त्वज्ञानाच्या खोलीला नवं कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी तासाची वेळ झाली तशा मॅडम उठल्या आणि मुलांना घेऊन सायकल स्टँडमध्ये गेल्या. वर पत्रा, बाजूनं गरम वारा, आणि ज्या बाईला कूलरपासून हलवत नसे ती तिथे पदर डोक्यावर घेऊन शिकवत उभी. मी टेबल फॅन घेऊन गेलो, तर तिथे प्लगच नव्हता. मला बघून हसून म्हणाल्या, "थॉमसले आत कोंडलं होतं, मले बाहेर कोंडून राहिले. एवढाच फरक."

प्राचार्यांनी निरोप धाडला की हे शिस्तीत बसत नाही. मॅडमनी शिपायाला प्राचार्यांची बाजू नीट समजावून सांगितली, ती बरोबर आहे का ते विचारून यायला परत पाठवलं, आणि तो परत येईपर्यंत तास संपवला. हे रोजचंच झालं. शेवटी निरोप येणं बंद झालं.

मार्चच्या एका दुपारी मीही तिथे एका स्टँड लावलेल्या मोपेडवर बसून ऐकत होतो. थॉमसच्या शेवटाचा भाग चालला होता. आयुष्यभर लिहीत आलेला माणूस, प्रचंड ग्रंथ अर्धवट हातात, आणि एक दिवस प्रार्थनेत त्याला असं काही दिसलं की त्यानं लेखणी खाली ठेवली. लिहा म्हणून सहकाऱ्यानं गळ घातली, तर म्हणाला की मला जे दिसलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं तणसासारखं, धान झोडून उरलेल्या काडासारखं वाटतं. पुढे काही महिन्यांतच तो गेला.

प्रणाली नावाची मुलगी होती, जरा चिडखोर. तिनं वही मिटली. "मॅडम, त्यानंच म्हटलं नं सगळं तणस आहे म्हणून? मंग सचिवसाहेब काय चूक बोलले? आपण काहून भाजून घेऊन राहिलो इथं?"

मॅडम खूश झाल्या. असा आक्षेप त्यांना स्वतःला सुचला असता तर त्यांनी सभेतच मांडला असता. त्यांनी घाम पुसला.

"प्रणाली, तुह्या घरी ढोरं आहेत का वं?"

"मामाच्या घरी आहेत."

"मंग मामाले विचार, तणस म्हणजे काय ते. धान झोडलं की दाणा बाजारात जाते. त्याचं नाव होते, भाव होते. घरी काय राहते? तणस. उन्हाळ्यात रानात हिरवं पान नसते तवा बैल कायच्या जोरावर उभा राहते? तणसाच्या. तो उभा राहिला तर पुढच्या सालचा दाणा. आमच्या घरी तणसाचा ढीग पेटला होता एकदा, माहा बाप पोरगं मेल्यासारखा रडला." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "थॉमस मोठा माणूस. पण सरदाराचा पोरगा, त्यानं ढोरं कधी चारली? बैल म्हणवून घेतलं आणि तणसाले नावं ठेवली. इथं तो चुकला, हे माझं मत आहे. परीक्षेत लिहू नको."

पोरं हसली. मी हसलो नाही. ज्याच्यासाठी सगळं पणाला लावलं त्याचीही चूक दाखवायला ही बाई कचरली नाही, याचंच मला नवल वाटत होतं. ती मुलं सगळी पास झाली.

त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक सभेत मॅडम हात वर करायच्या. "त्या सभेतलं माझं उत्तर बाकी आहे." सचिव म्हणायचे, "विषयपत्रिकेवर नाही, मॅडम." त्या बसायच्या आणि पुढच्या सभेत पुन्हा हात वर. लोक चेष्टा करू लागले. शिपाईसुद्धा विचारायचा, "मॅडम, झालं का उत्तर?" त्या म्हणायच्या, "नाही गा. पण विसरली नाही मी." निवृत्तीच्या वेळी निरोप समारंभ ठरला तेव्हा त्यांनी कळवलं की शाल-नारळ नको, दहा मिनिटं द्या. संस्थेनं शाल-नारळ घरी पाठवून दिला.

त्या शहराच्या टोकाला, बेसा भागात, एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. मी अधूनमधून जायचो. एकदा म्हटलं, "मॅडम, निदान मला तरी सांगा, काय होतं ते उत्तर." त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. "तुमची मान तर आधीच डोलते सर. तुमाले सांगून मले काय भेटते? ज्याची डोलत नाही त्यालेच सांगा लागते." मला राग आला. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी त्या मला फार एकट्या वाटल्या.

यंदाच्या मे महिन्यात त्या गेल्या. उन्हानंच घात केला. भाच्यांनी अंत्यसंस्कारासाठी गावी नेलं, मीही गेलो. ज्या भावांनी कधी कोंडलं होतं त्यांतला एकच उरला होता, तो सगळा वेळ माझा हात धरून उभा होता.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. सभागृह तेच, अध्यक्षही तेच. मॅडम कशा मनमिळाऊ होत्या, कशा संस्थेशी एकरूप होत्या, अशी भाषणं झाली. ऐकताना माझ्या अंगाची लाही होत होती. माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हणालो, "भोयर मॅडम हट्टी होत्या."  मी पुढे गेलो. चार-पाच मुलांसाठी त्यांनी सगळ्या संस्थेला वेठीला धरलं. जिथे नोकरी नाही असा विषय शिकवला. प्राचार्यांचं ऐकलं नाही. उन्हात उभं राहून जिवाशी खेळ केला. सचिवांच्या बाजूनं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हटलं, आणि प्रामाणिकपणे म्हटलं. पाहिलं तर त्यांची मान डोलत होती.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "घाटे सर, झालं नं? दोन मिनिटं मौन पाळायचं आहे."

"पाळू," मी म्हटलं. "पण मॅडमचं उत्तर अजून बाकी आहे."

"सर, ते आज..."

मी बसलो नाही. समोर कोणीतरी खाकरलं. तरी उभाच राहिलो.

"साहेब," मी विचारलं, "तुमच्या घरी बैल होते नं?"

ते गोंधळले. "होते. त्याचं काय?"

"उन्हाळ्यात काय खायचे?"

सचिवांचा घड्याळाचा हात टेबलावर आला. 

"तणस," ते म्हणाले.

सायकल स्टँडमध्ये प्रणालीला दिलेलं मॅडमचं उत्तर मी सांगायला सुरुवात केली.