बेडकांच्या चित्राचा जबाब

पोलिसाच्या नोकरीत शेकडो जबाब घेतले, बहुतेक विसरलो. अमिरातीतल्या अल ऐन शहरात, तिथल्या ठाण्यात घेतलेला एक मात्र डोक्यातून जात नाही. तो गुन्हा माझ्या हद्दीतला नव्हता, आरोपीही माझा नव्हता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. फसवणुकीच्या गुन्ह्यातला आमचा एक फरारी तिथे सापडला होता, त्याला ताब्यात घ्यायला मी गेलो होतो. कागदपत्रं अडकली. रोज ठाण्यात जाऊन चहा पीत बसायचं, एवढंच काम उरलं. एका सकाळी तिथला तपास अधिकारी, एक तरुण कॅप्टन, म्हणाला, "तुम कोंकण का है ना? यल्ला, चलो. तुम्हारा आदमी है, हमसे बात नहीं करता."

प्रकरण असं होतं. तिथल्या एका संग्रहालयात जुन्या जपानी चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन संपलं, चित्रं पेट्यांत भरली, आणि मोजणीत एक कमी आलं. वहीच्या पानाएवढं, कागदावरचं. संशयावरून तिथल्या एका पहारेकऱ्याला पकडलं होतं. त्याच्या सोबत्याने खबर दिली होती, "हा रोज त्या चित्रापुढे उभा राहून हसायचा. शेवटच्या दिवशी सदऱ्यात कागद लपवून बाहेर पडला."

कॅप्टनने मला प्रदर्शनाचं पुस्तक दाखवलं. नाजूक कावळा, नरकातले राक्षस, सुंदर बायका, दारू पिऊन झिंगलेले देव. हे सगळं एकाच हाताने काढलंय यावर विश्वास बसेना. हरवलेल्या चित्रात बेडकांची मिरवणूक होती. पालखीत एक जाडा बेडूक, उचलणारे चौघे घामाघूम. मलाही हसू आलं.

पहारेकरी चाळिशीचा, कोकणातल्या खाडीकाठच्या गावातला मुसलमान. चार दिवस गप्प होता. मी मराठीत विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?" त्याने झटकन वर पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. मी पाणी मागवलं. मुलाबाळांची चौकशी केली. एक मुलगी होती, चौथीत. गुन्हेगार गावाच्या आठवणीने मऊ पडतो, हा माझा अनुभव.

"बेडकांचं चित्र तू घेतलंस?"

"घेतलं साहेब. चूक झाली."

"कुठाय?"

"गावी पाठवलं. पोरीसाठी. गावचा एक जण चालला होता, त्याच्याकडे दिलं."

"कसं पाठवलंस?"

"घडी घालून, पाकिटात." मग तो रडायलाच लागला. "साहेब, एका कागदासाठी एवढं?"

"क्या बोला?" कॅप्टनने विचारलं.

"बोलता है, कागज ही तो है."

कॅप्टनचा चेहरा कठोर झाला. मी सांगितलं तसा जबाब अरबीत लिहिला गेला. मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला: चित्र घेतलं, गावी पाठवलं. त्याने मान हलवून सही केली. "खलास," कॅप्टन म्हणाला आणि माझा हात दाबला. मी फुशारलो होतो. दोन दिवसांत माझे कागद आले आणि मी आरोपीला घेऊन परतलो.

चित्र हस्तगत करण्यासाठी, अल ऐनहून आलेल्या विनंतीवरून, आमच्या पोलिसांनी त्याच्या गावच्या घराची झडती घेतली. भर दुपारी जीप दारात उभी, सगळा गाव जमलेला. जप्त केलेली वस्तू माझ्या टेबलावर आली. बेडकांचंच चित्र होतं. पण गुळगुळीत, छापील कागदावर. एका कडेला फाटलेलं, आणि खाली कोपऱ्यात पानाचा आकडा.

प्रदर्शनाच्या पुस्तकातलं पान. ते पुस्तक त्याला परवडणारं नव्हतं. त्याने पान फाडलं आणि मुलीला हसवायला पाठवलं. तीच चोरी त्याने माझ्यापुढे कबूल केली होती.

मी त्याच दिवशी अहवाल लिहिला. वरिष्ठ म्हणाले, "परक्या देशाच्या केसमध्ये आपण कशाला पडायचं?" अहवाल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला. मी पाठपुरावा केला, स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. अखेर तो सुटला तो माझ्यामुळे नाही. जपानात पेट्या उघडल्या तेव्हा मूळ चित्र दुसऱ्या एका चित्राच्या वेष्टणात सापडलं. बांधणाऱ्याची चूक. तोवर तो सात महिने तुरुंगात होता.

तो परतल्यावर मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. घरात एकटाच होता. झडतीनंतर गावात चोराची बायको, चोराची मुलगी असं सुरू झालं, म्हणून बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. निरोप पाठवूनही येत नव्हती.

"चित्र मिळालं," मी म्हणालो.

"कळलं साहेब. बरं झालं. चांगलं चित्र होतं."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस, पुस्तकातलं पान म्हणून?"

"तुम्ही चित्र म्हणालात. मला वाटलं, त्याच कागदाबद्दल विचारताय." मग तो म्हणाला, "चार दिवस मी भीतीने गप्प होतो. तुम्ही आपल्या भाषेत बोललात, म्हणून तोंड उघडलं."

मी माफी मागितली. "त्याचं मी काय करू साहेब?" त्याने विचारलं. रागाने नव्हे, खरंच विचारलं. चहाला तो थांबा म्हणाला नाही, आणि मीही थांबलो नाही.

आरोपीची भाषा येते म्हणजे आरोपी कळतो, असं मी धरून चाललो होतो. 'कुठलं चित्र?' एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत. उरलेल्या नोकरीत कबुली आली की मी लेखनिकाला थांबवायचो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचो: काय घेतलंस, कुठलं, कसं दिसत होतं? सहकारी वैतागायचे. त्यातून काही निरपराध वाचलेही असतील. त्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नव्हता.