मरणं वेगळं, नासणं वेगळं

जून महिन्यात दुबईजवळच्या अजमानच्या रस्त्यावर अंगात लोकरी स्वेटर आणि डोक्याला कानटोपी घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आम्ही बाकीचे घामानं निथळायचो आणि हा जेवणाचा डबा हलवत निवांत चालायचा. मासळीच्या कोल्ड स्टोअरचा तो मेकॅनिक. उणे वीस डिग्रीच्या खोलीत दिवसभर आत-बाहेर. "सारखं काढघाल कोण करणार," म्हणायचा. आमचा पठाण ड्रायव्हर त्याला थंडा उस्ताद म्हणायला लागला, आणि पुढं त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच राहिलं.

मी त्याच कोल्ड स्टोअरात फोर्कलिफ्ट चालवायचो. मी साताऱ्याकडचा, तो रत्नागिरीकडचा, माझ्या सहा-सात वर्षं आधी आलेला. नव्वदनंतरची दहा-बारा वर्षं आम्ही एका खोलीत खाटेला खाट लावून काढली. शाळेशी माझं चौथीतच बिनसलं होतं. तो आयटीआय झालेला, इंग्रजी वाचणारा. तरी मी त्याचं मुकाट ऐकणाऱ्यातला नव्हतो. आमची रोज भांडणं व्हायची आणि रोज एकाच ताटलीत चटणी कालवली जायची.

नवा माणूस कामावर आला की उस्ताद त्याच्या हातात गोठलेली सुरमई द्यायचा. दगड नुसता.

"मेलीय का?"

"मेलीय."

"नासलीय का?"

"नाही."

"मग ध्यानात ठेव. मरणं वेगळं, नासणं वेगळं. मरणं आपल्या हातात नाही. नासणं आहे."

हे तो मशीनसाठी सांगायचा. कंप्रेसरच्या पाइपाला कान लावून उभा राहायचा आणि आवाजात जरा खरखर आली की जेवण टाकून पाना हातात घ्यायचा. त्याच्या वेळेला एक पेटी माल फेकावा लागला नाही. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही, पण हे खरं आहे ते लिहितो.

त्याची बायको गेली ती गुरुवारी. गावाहून फोन आमच्या खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात आला. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि तिजोरीची चावी मॅनेजरकडं. शुक्रवार सुट्टीचा, मॅनेजर मस्कतला. शनिवारी तो उगवला, रविवारी तिकीट मिळालं. तिकडं भावकीनं बंदरावरून बर्फाच्या लाद्या आणून दोन दिवस वाट बघितली. मे महिना होता. तिसऱ्या दिवशी अग्नी दिला. उस्ताद पोचला तो राख सावडायला.

परत आल्यावर महिनाभर तो शुक्रवारीही कंप्रेसरपाशीच असायचा. मग एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बाबुराव, परक्या देशाचा मासा मी वर्षभर टिकवतो. माझी बायको चार दिवस टिकली नाही." मी चटणीची ताटली त्याच्याकडं सरकवली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी नवी मशीन बसवायला एक म्हातारा गोरा इंजिनियर आला. त्यानं उस्तादला एक पुस्तिका दिली. अमेरिकेत म्हणे एक कंपनी आहे, माणूस मेला की त्याला मोठ्या नळकांड्यात लटकवून उणे एकशे शहाण्णव डिग्रीत ठेवते. पुढं कधी औषध निघालं तर उठवतील. गोऱ्यानं स्वतःचं नाव घातलं होतं. उस्तादनं चार-पाच शुक्रवार डिक्शनरी घेऊन ती पुस्तिका वाचली आणि एक दिवस फॉर्म मागवला. त्या कंपनीचे पैसे भागावेत म्हणून विमा काढला.

खोलीत हसून हसून पुरेवाट झाली. एकजण म्हणाला, "उस्ताद, उठाल तेव्हा व्हिसा संपलेला असंल. एअरपोर्टवरच धरतील."

"दंड भरीन की."

पठाण म्हणाला, "हबीबी, खलास मतलब खलास."

"खानसाब, कंप्रेसर बंद होता है तो आप भी बोलते हो खलास. मैं खोल के देखता हूँ."

पण मला राग आला होता. आमच्यातला कुणी तिकडं वारला की त्याचे कागद फिरवायचं काम माझ्याकडं असायचं. पोलीस, हॉस्पिटल, वकिलात, विमान कंपनी. इंग्रजी-अरबी अक्षर येत नाही, पण कुठल्या खिडकीवर कसं उभं राहायचं ते मला येतं. विमानात घालायच्या आधी बॉडी नासू नये म्हणून तिच्यात औषध भरावं लागतं, ते झालं की पेटी बंद. मी एकाही माणसाला तिथं बेवारस पडू दिलं नव्हतं. आणि हा शहाणा स्वतःहून परक्या मुलखात, नळकांड्यात लटकायला निघालेला.

"तुला मरायची भीती वाटती," मी त्याला तोंडावर म्हणालो.

"नाही वाटत."

"मग बायको भेटणाराय का तिथं?"

"ती राख झाली. मला कळतं तेवढं." मग स्वेटरच्या बाह्या खाली ओढत म्हणाला, "मी इथं आलो तेव्हा माझी पोर, शुभा, रांगत होती. आता कॉलेजात आहे. दोन वर्षांनी एकदा रजा, ती पण दीड महिना. त्यातला निम्मा महिना ती मला बघून दाराआड जायची. आपण सगळे काय म्हणतो? परत गेल्यावर जगू. घर झाल्यावर जगू. पोरीचं झाल्यावर जगू. मी तेवढंच जरा लांबवलंय. माझं अजून सुरूच झालं नाही रे. सुरू व्हायच्या आधी संपलं तर?"

मी त्याच्या हातातला फॉर्म घेऊन उलटसुलट करून बघितला.

फॉर्मवर साक्षीदार लागत होता. त्यानं माझ्यापुढं पेन धरलं. "तू शिव्या देशील, पण शब्द फिरवणार नाहीस. मी गेलो की औषध भरू द्यायचं नाही. औषध भरलं की सगळं वाया. बर्फात ठेवायचं आणि या नंबरवर फोन करायचा. पुढचं ते बघतील." शुभाला सांगितलंस का, विचारलं तर म्हणाला, "रजेला गेलो की समोर बसून सांगीन. फोनवर सांगायची गोष्ट नाही." मी मराठीत सही केली. नंबर पाकिटात ठेवला.

त्या रजेवर तो गेलाच नाही. सकाळची आठची वेळ, कंप्रेसरजवळ पाना हातात धरून खाली बसला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. मी शवागाराबाहेर पोचलो तेव्हा खिशात तो नंबर होता. समोर रस्त्यापलीकडं फोनचा डबा दिसत होता.

आधी गावाला कळवावं म्हणून शुभाला फोन लावला. पोर बराच वेळ रडली. मग आवाज सावरून म्हणाली, "काका, बाबांना घरी आणा. आईचं तोंड बाबांना बघायला मिळालं नाही. माझ्यावर ती वेळ आणू नका. एवढं करा."

मी म्हणालो, "आणतो."

मग मी पुन्हा फोनला हात लावला नाही. खिडक्यांवर फिरलो, कागद गोळा केले, औषध भरायच्या कागदावर माझी सही दिली. हे काम मी इतक्या वेळा केलं होतं की पाय आपोआप चालले. तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन मी मुंबईला उतरलो आणि तिथून जीपनं त्याच्या गावी. शुभानं बापाचं तोंड बघितलं. गालावरून हात फिरवला. म्हणाली, "झोपल्यासारखे दिसतात." मला वाटलं, आपण बरोबर केलं.

दहाव्या दिवशी तिनं त्याची ट्रंक उघडली. कागद वाचले. शिकलेली पोर, तिला डिक्शनरी लागली नाही. बाहेर ओटीवर माझ्याकडं आली.

"काका, ही सही तुमची?"

"माझी."

"बाबांना हे हवं होतं?"

"हवं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तूच म्हणालीस, घरी आणा."

"मला माहीत नव्हतं तेव्हा म्हणाले मी." ती चिडून बोलत नव्हती, त्यानं जास्त लागलं. "सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला ठाऊक नाही. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतं, काका."

मी म्हणालो, अशा वेळी पोरीबाळींवर असला भार टाकत नाहीत. तिनं कागदांची घडी घातली आणि मला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी मी निघालो. तेराव्यापर्यंत थांबा, असं ती म्हणाली नाही.

याला वीसेक वर्षं झाली. माणूस राख झाला की आता कुणी काही उघडून बघू शकत नाही, एवढं मलाही कळतं. शुभाला पत्र लिहावं म्हणून मी कितीदा बसतो. चुकलो, एवढा एकच शब्द लिहायचा आहे. पण तो लिहायला गेलो की पेटी उघडल्यावर तिनं गालावरून फिरवलेला हात दिसतो, आणि मी पेन खाली ठेवतो.